पंखा रेंगाळतो, चार्जर चालतो

आसिफाबादहून राजुऱ्याकडे निघालं की महाराष्ट्राची सीमा यायच्या आधी वांकिडी लागतं. पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातलं हे मंडल 2016 पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. सीमेच्या अलीकडची वीज तेलंगणाची, पलीकडची महावितरणची. कागदावर दोन्हीकडे 230 व्होल्ट, 50 हर्ट्‌झ. पण घर डीपीपासून लांब, तारेच्या टोकाला असेल, तर पंप सुरू झाले की पंखा रेंगाळतो आणि चोकवाली जुनी ट्यूब नुसती फडफडत राहते. मोबाइल तेवढा निवांत चार्ज होत असतो.

याचं कारण चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं: इनपुट 100 ते 240 व्होल्ट. जपानच्या 100 आणि अमेरिकेच्या 120 व्होल्टवर तो तसाच चालतो. न्यू जर्सीला गेलेल्या पुणेकराला लॅपटॉपसाठी फक्त पिन बदलावी लागते. हौसेनं नेलेल्या मिक्सरला मात्र जड ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो.

चार्जर आधी एसीचं डीसी करतो. 230 व्होल्टचे साधारण 325 होतात, 120 चे 170. मग एक इलेक्ट्रॉनिक स्विच हा डीसी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करत चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये सोडतो. बाहेर 5 व्होल्ट मिळताहेत ना, यावर एका सर्किटची नजर असते. कमी पडले की स्विच जरा जास्त वेळ चालू राहतो, वाढले की कमी. व्होल्टेज निम्मं झालं तर करंट दुप्पट ओढायचा, काम तेवढंच करायचं.

जुन्या डेस्कटॉपला ही समज नव्हती. त्यांच्या पाठीमागे 115 आणि 230 असा छोटा लाल स्विच असे. 115 वर ठेवलं की आतलं सर्किट व्होल्टेज दुप्पट करी. तो चुकून तिथेच राहिला आणि आपल्याकडची पिन लावली, तर 200-200 व्होल्टच्या दोन कपॅसिटरवर साडेसहाशे व्होल्ट येत. पुढचा आवाज दुरुस्तीवाल्यांच्या चांगला ओळखीचा!

लोक घाबरतात ते कमी व्होल्टेजला. फ्रीजच्या बाबतीत ते बरोबरच आहे: साध्या कॉम्प्रेसरची मोटर अडकते, भरमसाट करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं. म्हणून स्टॅबिलायझर फ्रीजला. चार्जरला त्याची गरज नाही.

चार्जरचा खरा शत्रू वरच्या बाजूला असतो. उघडून पाहिला तर आतल्या कपॅसिटरवर बहुधा 400 व्होल्ट लिहिलेलं दिसतं. 264 व्होल्टचे डीसी होतात 373. म्हणजे फार जागा उरत नाही. थ्री-फेज लायनीची न्यूट्रल तुटली, तर घरातलं व्होल्टेज तीनशेच्या वर जाऊ शकतं आणि मग चार्जर, टीव्ही, एलईडी बल्ब एकदमच जातात. काही घरांत दिवे अचानक झगझगीत आणि शेजारी मिणमिणते, ही त्याची खूण. अशा वेळी आधी मेन स्विच पाडायचा, फोन वायरमनला नंतर.