राणीच्या बागेंतील वृक्ष

भाईंदरहून दादरला जाऊन तेथें गाडी बदलली म्हणजे भायखळ्यास पोहोंचतां येतें. स्टेशनाजवळच राणीची बाग आहे. आपणांपैकीं पुष्कळ जण ती पाहून आले असतील. परंतु ‘तेथें काय पाहिलें?’ असें विचारल्यास कोणी वाघ म्हणेल, कोणी पेंग्विन म्हणेल. झाडाचें नांव क्वचितच कोणी घेईल. वास्तविक ही बाग मूळची वनस्पतींचीच. प्राणी मागाहून आले.

पश्चिम हिंदुस्थानच्या कृषि व उद्यानविद्या मंडळानें ही बाग तयार केली, आणि १८६२ सालीं गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या पत्नीच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. व्हिक्टोरिया राणीचें नांव तिला दिलेलें होतें; आतां ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान या नांवानें ओळखली जाते.

इंग्लंडांतील मोठे जमीनदार आपल्या वाड्यांभोंवतीं विस्तीर्ण उपवनें राखीत व दूरदेशींचीं झाडें आणवून तेथें लावीत. मात्र तीं उपवनें मालकाच्या सुखासाठीं असत. राणीच्या बागेंत तशाच परदेशी झाडांची सावली सर्वांस मिळते. आफ्रिकेंतील गोरखचिंच आपल्या अवाढव्य खोडांत पाणी सांठविते. तिचीं फुलें रात्रीं उमलतात व वटवाघळांकडून त्यांचें परागण होतें. दक्षिण अमेरिकेंतील कैलासपतीस फुलें खोडावरच येतात, आणि फळें तोफेच्या गोळ्यांएवढीं होतात. ब्रह्मदेशांतील उर्वशीचे तांबडे घोस खालीं लोंबत असतात.

२००७ सालच्या सुमारास प्राणिसंग्रहालय नव्यानें बांधण्याची एक मोठी योजना निघाली. तिच्यापायीं जुने वृक्ष नष्ट होतील या भीतीनें नागरिकांनीं हरकत घेतली, आणि ती योजना मूळ स्वरूपांत पार पडली नाहीं. त्यांची काळजी रास्त होती. पिंजरा थोड्या काळांत नवा बांधतां येतो. परंतु शंभर वर्षांचा वृक्ष शंभर वर्षें गेल्यावांचून मिळत नाहीं. ज्यांनीं हीं रोपें लाविलीं, त्यांस त्यांची पुरती सावली लाभली नाहीं. ती आपणांस लाभली.

आपल्या गांवींही आतां इमारतींची दाटी झाली आहे. म्हणून पुढील खेपेस राणीच्या बागेंत जाल तेव्हां निदान पांच झाडें नांवानिशीं ओळखून या. आणि घरीं परतल्यावर, आपल्या नातवंडांस सावली देईल असें एक रोप लावा.