दार उघडण्यापुरती जागा

रविवारी सकाळी सातला, आवारात गाड्या नसताना, आम्ही टेप धरला. एका सरकारी कार्यालयाचं पार्किंग. दारापासून जवळच दिव्यांगांसाठी तीन जागा, जमिनीवर निळ्या चौकोनात पांढरी व्हीलचेअर. रंगारी मामांनी टेपचं टोक पायाखाली दाबलं, मी दुसरं ओढत नेलं. अडीच मीटर. शेजारच्या साध्या जागाही अडीचच. म्हणजे चित्र काढलं होतं, जागा दिलीच नव्हती.

आपल्या मानकांत दिव्यांगांच्या गाडीसाठी ३.६ मीटर रुंदी सांगितली आहे, प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत. वरचा तो मीटरभर पट्टा कशाला, हे मला बहिणीमुळे कळलं. ती गाडी स्वतः चालवते. थांबली की दार पूर्ण उघडते, शेजारच्या सीटवरचा व्हीलचेअरचा सांगाडा मांडीवरून बाहेर काढते, मग एकेक चाक. खटका बसल्याचा आवाज ऐकूनच ब्रेक लावते. एक हात सीटच्या कडेवर, दुसरा खुर्चीवर, आणि अंग उचलून पलीकडे. खुर्ची सीटला अगदी भिडलेली लागते. दार अर्धंच उघडलं तर यातलं काहीच होत नाही. येताना बाजू मोकळी मिळते, पण काम आटोपून परतावं तर तिथे कुणाचीतरी स्कूटर. ती हलेपर्यंत बहीण एकदा चाळीस मिनिटं उन्हात बसून होती.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६चा. नियम जून २०१७मध्ये आले आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करायची पाच वर्षांची मुदत २०२२मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की नियमांनी मानकं नुसती मार्गदर्शक करून ठेवली आहेत, ती बंधनकारक हवीत. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. ‘सूचना आहे, सक्ती नाही’ हे वाक्य ऐकून मी कित्येक कार्यालयांतून परत आले आहे.

मामांनी जुने पट्टे काळ्या रंगाने बुजवले. तीन जागा मोडून दोन केल्या, ७.५ मीटरमधून ७.२ गेले, ३० सेंटिमीटर उरले. कडेच्या त्या पट्टीत फलकाचा खांब उभा करायचा ठरलं, कारण गाडी उभी राहिली की जमिनीवरचं चिन्ह तिच्याखाली झाकलं जातं. चुन्यात बुडवलेली दोरी ताणून मामांनी टक्कन सोडली आणि सरळ रेघ उमटली. बाजूच्या पट्ट्यात तिरप्या रेघा मारताना ते म्हणाले, “ताई, एवढ्यात चार स्कुटी बसतील की.” मी त्यांना माझ्या गाडीत बसवलं, पाय न हलवता उतरायला सांगितलं. ते बराच वेळ दाराकडे बघत राहिले.

रंग ओला असतानाच एक मोटारसायकल आत आली आणि नेमकी त्या रेघांकडे वळली. मामा ब्रश घेऊनच आडवे झाले. “तिथं नाही, भाऊ. तिथं दार उघडतं.”