मूल बोलत नाही? आधी कान तपासा

‘आमच्या घरात सगळेच उशिरा बोलतात. याचा बापसुद्धा पाच वर्षांचा झाल्यावर बोलला.’ वाचा-उपचाराचे काम करताना हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकले आहे, तितके दुसरे कोणतेही नाही. त्याच्या पाठोपाठ येते ते वेखंड. आजी ते उगाळून मधातून जिभेला चाटवते. आजीची माया खरी, पण दुखणे जिभेचे नसेल तर वेखंड काय करणार? आणि बहुतेक वेळा ते जिभेचे नसतेच.

मूल बोलायला शिकते ते कानाने. सहा महिन्यांचे बाळ आवाजाच्या दिशेने मान वळवते. नऊ-दहा महिन्यांचे झाले की ‘बाबाबा’, ‘दादादा’ सुरू होते. वर्षाच्या आसपास पहिला अर्थाचा शब्द येतो, दोन वर्षांचे मूल ‘पाणी दे’, ‘आई चल’ असे दोन शब्द जोडते आणि तिसऱ्या वर्षी परक्या माणसालाही कळेल असे बोलू लागते. थोडे मागेपुढे होते. पण दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नसेल, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणून गप्प बसू नये. एवढे एक वाक्य लक्षात राहिले तरी पुरे.

न बोलण्याची कारणे अनेक असतात. मतिमंदत्व, स्वमग्नता किंवा मेंदूला झालेली इजा यामुळेही वाचा लांबते. पण सगळ्यात आधी तपासायचा तो कान. जन्मतःच कायमचे ऐकू कमी येणारी मुले दर हजारी साधारण एक ते तीन आढळतात. याखेरीज सर्दी-पडशाने कान वाहणारी किंवा पडद्यामागे पाणी साचलेली मुले वेगळीच. त्यांना ऐकू येते, पण भिंतीपलीकडून कोणी बोलावे तसे. आई म्हणते, ‘ताट वाजवले की बघतो की!’ ताटाचा दणका ऐकू येणे वेगळे आणि ‘साखर’ व ‘भाकर’ यांतला फरक ऐकू येणे वेगळे. भाषा त्या बारीक फरकातच असते. आणखी एक सांगतो. वाहत्या कानात गरम तेल घालू नका.

काही मुलांचे कान चांगले, बुद्धी चांगली, खेळात हुशार, तरीही भाषा मात्र येत नाही. शब्द सापडत नाहीत, वाक्य जुळत नाही, लांबलचक सूचना कळत नाही. याला विकासात्मक भाषादोष म्हणतात. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत बालवाडीच्या वयाच्या शंभरातल्या सुमारे सात मुलांत तो आढळला. म्हणजे हा दुर्मीळ आजार नव्हे. अशा मुलांना वर्गात सहज ‘मठ्ठ’ म्हटले जाते. लंडनमधल्या एका कुटुंबात तीन पिढ्यांतल्या जवळपास निम्म्या माणसांना बोलण्याची गंभीर अडचण होती. त्यांचा अभ्यास करताना २००१ मध्ये ‘फॉक्सपी-टू’ नावाच्या जनुकातला बिघाड सापडला. तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘भाषेचे जनुक’ असा गाजावाजा केला. प्रत्यक्षात बहुतेक मुलांत असे एकच जनुक दोषी नसते. अनेक जनुकांचे थोडे थोडे वजन मिळून हा दोष येतो. या संशोधनाने एक मोठे काम मात्र केले. ‘आईने लक्ष दिले नाही म्हणून पोर बोलत नाही’ हा आईच्या माथी मारलेला दोष त्याने खोटा ठरवला.

बीड जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. इथे तांड्यावरचे मूल घरात गोरमाटी बोलते, कोणाच्या घरी दखनी उर्दू असते, आणि शाळेत सगळ्यांना मराठी. पहिलीत असे मूल काही महिने गप्प बसले तर तो दोष नव्हे. ते नवी भाषा ऐकून साठवत असते. दोन भाषांमुळे मूल अडखळते हा गैरसमज आहे. खरा भाषादोष असेल तर तो घरच्या भाषेतही दिसतो. म्हणून गुरुजींनी आईला विचारावे, ‘घरी आपल्या बोलीत हा नीट बोलतो का?’ आणि आईने आपली बोली सोडून मोडक्या मराठीत बोलू नये. ज्या भाषेत तिला ओव्या, अंगाई आणि भांडण येते, त्याच भाषेत तिने मुलाशी भरपूर बोलावे.

आता कानाकडे परत येऊ. ‘एवढ्याशा बाळाचे ऐकणे कसे तपासणार?’ असा प्रश्न हमखास येतो. निरोगी कानाच्या आतला शंख आवाज ऐकला की स्वतःही अतिशय बारीक आवाज परत पाठवतो. लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये हे दाखवून दिले. आज झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी खुंटी बसवून हा परतीचा आवाज काही मिनिटांत मोजता येतो. सुई नाही, दुखणे नाही. तो मिळाला नाही म्हणजे मूल बहिरेच, असे लगेच समजायचे नाही. कानातला मळ किंवा पाणीही आडवे येते. मग पुन्हा तपासणी करायची आणि गरज पडली तर ‘बेरा’ करायची. या तपासणीत आवाज मेंदूच्या बुडख्यापर्यंत पोचतो का, ते कळते.

घाई कशासाठी? १९९८ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या अभ्यासात दिसले, की सहा महिन्यांच्या आत बहिरेपण कळून मदत सुरू झालेल्या मुलांची भाषा, उशिरा कळलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. म्हणून पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार, असे एक-तीन-सहाचे सूत्र जगभर सांगतात. भाषेची पेरणीही वापशावरच व्हावी लागते. वापसा गेल्यावर पेरले तर उगवते, पण विरळ.

श्रवणयंत्र मिळाले की काम झाले, असे लोकांना वाटते. पण यंत्राइतकीच महत्त्वाची एक छोटी वस्तू असते, ती म्हणजे इअर मोल्ड. कानाच्या भोकात आणि पाळीच्या आतल्या खळग्यात बसणारा तो मऊ किंवा कडक तुकडा. यंत्राचा आवाज नळीतून त्याच्यामार्गे आत जातो. मोल्ड सैल झाला की आवाज बाहेर गळतो, पुन्हा यंत्राच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो आणि शिट्टी सुरू होते. ग्रामपंचायतीचा कर्णा जशी शिट्टी मारतो, तशीच. मूल वैतागते, यंत्र काढून फेकते. आई ते डब्यात जपून ठेवते. महागाचे यंत्र डब्यात आणि मुलाचे कान पुन्हा मुके.

हा मोल्ड तयार होतो कसा, ते ऐकण्यासारखे आहे. कानात आधी दोरा बांधलेला स्पंजचा बोळा ठेवतात आणि मऊ सिलिकॉन भरून ठसा घेतात. पूर्वी त्यावरून सगळे हाताने घडवत. आता ठसा संगणकात स्कॅन करतात आणि प्रकाशाने घट्ट होणाऱ्या राळेतून वस्तू तयार करतात. उसाच्या रसाचा गूळ व्हायला भट्टी लागते, पाणी आटावे लागते. इथे भट्टी नाही आणि काही आटतही नाही. या पातळ राळेत लहान लहान रेणू सुटे फिरत असतात. सोबत प्रकाश टिपणारा एक पदार्थ चिमूटभर मिसळलेला असतो. जांभळा किंवा अतिनील प्रकाश पडला की तो पदार्थ फुटतो, शेजारच्या रेणूला डिवचतो, तो पुढच्याला, आणि क्षणात सगळे एकमेकांचे हात धरून साखळ्या करतात. पातळ होते ते घट्ट होते. प्रकाश पडेल तेवढेच घट्ट, बाकीचे पातळच. केसाच्या जाडीइतका एकेक थर असा घट्ट करत कानाचा हुबेहूब आकार उभा राहतो. चार्ल्स हल या अमेरिकी अभियंत्याला या पद्धतीचे पेटंट १९८६ मध्ये मिळाले, आणि २००० सालाच्या सुमारास ती श्रवणयंत्रांच्या धंद्यात आली.

दाताच्या डॉक्टरांकडे निळा दिवा लावून दात भरतात, तेही हेच रसायन. तिथे प्रकाश टिपणारा पदार्थ बहुधा कापरापासून बनवलेला असतो. देवापुढच्या कापराचे हे भावंड म्हणायचे.

या राळेचे सुटे राहिलेले रेणू कातडीला झोंबतात, पुरळ आणतात. म्हणून तयार वस्तू नीट धुऊन पुन्हा प्रकाशात पक्की करावी लागते. मुलांसाठी बहुधा मऊ सिलिकॉनचा मोल्ड चांगला. त्यासाठी राळेचे पोकळ कवच छापून त्यात सिलिकॉन ओततात. या पद्धतीचा मोठा फायदा असा, की कानाचा आकार संगणकात राहतो. मोल्ड हरवला तर नवा ठसा न घेता दुसरा करता येतो.

पण मुलाचा कान वाढला, तर जुना आकार काय कामाचा? पहिल्या वर्षात महिन्या-दोन महिन्यांनी मोल्ड बदलावा लागतो, पुढे तीन-चार महिन्यांनी, आणि पाच वर्षांनंतर साधारण वर्षातून एकदा. इथे आपल्या जिल्ह्याचे खरे दुखणे समोर येते. दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन माणसे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. धाकटी लेकरे सोबतच असतात. म्हणजे हंगाम पाच-सहा महिन्यांचा आणि लहान मुलाच्या मोल्डचे आयुष्य त्याहून कमी. फडात धूळ, कोपीत वीज नाही, यंत्राची बॅटरी संपलेली. एक हंगाम असा गेला तर दोन वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा चौथा हिस्सा गेला. शास्त्राकडे उपाय आहे. तो तुटतो तो या प्रवासात.

यावर मला सुचणारे उपाय साधे आहेत. दसऱ्याच्या आधी मुलाला दाखवून नवा ठसा द्या आणि बॅटऱ्या सोबत घ्या. तपासणीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जवळ ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या या कार्यक्रमात जन्मजात बहिरेपण आणि भाषेतला उशीर दोन्ही येतात. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातात. कार्यक्रम देशभराचा असल्याने कारखाना ज्या जिल्ह्यात असेल, तिथल्या अंगणवाडीताईंनाही कागद दाखवता येतात. अति बहिरेपण असेल तर कॉक्लिअर इम्प्लांटसाठी केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून मदत मिळू शकते. मात्र तिला वयाची अट आहे, उशीर केला तर दार बंद होते. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या क्षेत्रातली जाणकार संस्था आहे.

शेवटचे सांगणे मुकादमांना आणि गावच्या शिक्षकांना. टोळीत किती कोयते आहेत याची यादी तुमच्याकडे असते. त्या यादीत कोणाच्या लेकराच्या कानात यंत्र आहे, एवढी एक नोंद वाढवा. हंगामात एक दिवस त्या आईला जवळच्या दवाखान्यात जाऊ द्या आणि त्या दिवसाचा खाडा धरू नका. तेवढ्या एका दिवसावर त्या लेकराचे बोलणे अवलंबून असू शकते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)