राजी: खेळणाऱ्याच्या हाती आलेली गोष्ट

व्हिडिओ गेममधली कथा मनाला भिडते ती कृतीमुळे. पात्राला खेळणारा स्वतः चालवतो, त्यामुळे पात्राचे अपयशही त्याला स्वतःचे वाटते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ (२०२०) हे याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, ती शोधते आहे. निवेदन दुर्गा आणि विष्णू करतात, तर काही प्रसंग छायाबाहुल्यांतून उलगडतात. वाटेत भित्तिचित्रे लागतात. त्यांच्यापुढे थांबले की पुराणकथा ऐकू येते.

ही रीत छत्रपती संभाजीनगरकरांना ओळखीची वाटावी. वेरूळच्या कैलास लेण्यात रामायण-महाभारताचे प्रसंग ओळीने कोरलेले आहेत आणि पाहणारा पुढे सरकत कथा जुळवत जातो. फरक मोठा आहे तो एवढाच, की राजीसोबत चालणाऱ्याच्या मनात भाऊ अजून सापडलेला नाही ही हुरहुर सतत असते. खेळाचे खरे बळ तिथेच आहे. २०१७ची लोकवर्गणीची मोहीम अपुरी पडूनही हा गेम पूर्ण झाला आणि २०२०च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट गेमच्या नामांकनापर्यंत पोहोचला.