खुराडे एका घराचे, रोग अख्ख्या गावाचा

दिवाळीची धांदल सरते, रब्बीची ज्वारी गुडघ्याला लागते आणि अहिल्यानगरच्या पठारावर रात्री गारठू लागतात. दुपारी ऊन चटका देते, पहाटे मात्र पारा दहा अंशांच्या घरात उतरतो. परसातल्या कोंबड्या मरू लागल्याच्या बातम्या याच दिवसांत कानावर येतात आणि सगळा दोष थंडीच्या माथी जातो. खरे तर बहुतेक वेळा मारेकरी दुसराच असतो. खुराड्यातली ओल आणि कोंडलेली हवा हा एक, आणि वेळेवर न टोचलेली लस हा दुसरा. पहिल्याचा बंदोबस्त ज्याचा त्याला घरी करता येतो. दुसऱ्यासाठी मात्र गाव एकत्र यावे लागते, आणि तिथे नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारकडे पाहण्यासारखे आहे.

परसातली कोंबडी ही किरकोळ बाब राहिलेली नाही. २०१९च्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्या-बदकांची संख्या सुमारे ३१.७ कोटी भरली. आधीच्या गणनेपेक्षा ही वाढ ४५ टक्क्यांहून जास्त आहे. गावरान अंड्याला मिळणारा भाव, बायकांच्या हाती राहणारा पैसा आणि गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जाती ही त्यामागची कारणे. पण पक्षी वाढले तसे त्यांचे आजारही दाराशी आले.

ऊब हवी, कोंडमारा नको

कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते. पिसे फुलवून ती अंगाभोवती उबदार हवा धरून ठेवते. ती कोरडी असेल, पोट भरलेले असेल आणि वाऱ्याचा झोत थेट अंगावर येत नसेल, तर मोठी कोंबडी आपल्याकडची थंडी सहज काढते. आपण मात्र तिच्या काळजीपोटी खुराड्याला खताच्या गोण्या आणि प्लास्टिक लपेटतो, एकेक फट बुजवतो. मग रात्रभराचा श्वास आणि विष्ठेतला ओलावा आतच राहतो. पत्र्याचे छप्पर पहाटे आतून घामेजते, थेंब खाली गळतात आणि जमिनीवरची भुशाची गादी भिजते. ओल्या विष्ठेतल्या युरिक आम्लावर जिवाणू काम करू लागले की अमोनिया वायू तयार होतो. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला घाण बाहेर लोटणारी बारीक लव असते. अमोनिया नेमकी तीच जाळतो. त्यानंतर सर्दी आणि जुनाट श्वसनरोगाला वाट मोकळी होते.

याची परीक्षा सोपी आहे. पहाटे खुराड्याचे दार उघडून आत डोके घालावे. नाकाला झोंबले किंवा डोळे चुरचुरले, तर आतल्या कोंबड्यांनी रात्रभर तेच सोसले आहे असे समजावे.

म्हणून थंडीची तयारी जमिनीपासून सुरू करावी. जुनी गादी पूर्ण काढावी, जमीन उन्हात तापू द्यावी, चुना भुरभुरावा आणि वर चार-पाच इंच नवी कोरडी गादी पसरावी. भुईमुगाची टरफले, लाकडाचा भुसा किंवा अकोले तालुक्याकडून येणारे भाताचे तूस, यांतले जे मिळेल ते चालते. गादी दोन-तीन दिवसांनी खालीवर करावी. मूठभर घेऊन दाबली आणि गोळा झाला, तर ती ओली आहे, बदलावी. गादी ओली होण्याचे कारण अनेकदा पाण्याचे भांडेच असते. ते विटेवर ठेवावे आणि रात्री बाहेर काढावे.

उत्तरेची आणि पूर्वेची बाजू बारदानाने झाकावी, कारण हिवाळी वारा तिकडून येतो. पडदा खालून वर बांधावा. छपरालगत चार बोटे जागा मोकळी राहू द्यावी, म्हणजे दमट हवा वर चढून बाहेर पडते आणि झोत कोंबड्यांच्या अंगाला लागत नाही. ऊन वर आले की पडदे सोडावेत. पत्र्यावर बाजरीचे सरमाड पसरले तर रात्रीचे घामेजणे कमी होते. रात्री बसायला दोन-तीन बोटे रुंद, चपटी लाकडी पट्टी असावी, म्हणजे कोंबडी बसल्यावर पायाची बोटे पिसांखाली झाकली जातात. बंद खुराड्यात निखाऱ्यांची शेगडी मात्र कधीही ठेवू नये. तिचा विषारी वायू थंडीपेक्षा लवकर जीव घेतो, आणि कोरड्या तुसावर पडलेल्या एका ठिणगीने घरही पेटू शकते.

पिल्लांची गोष्ट वेगळी. खुडूक कोंबडीच्या पंखांखाली ती सुखरूप असतात, पण विकत आणलेल्या पिल्लांना आई नसते. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती सुमारे तीन अंशांनी उतरवत न्यायची असते. तापमापी नसली तरी पिल्लेच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर ऊब कमी, चोची उघडून दूर पळाली तर जास्त, सगळीकडे सारखी पसरली तर योग्य.

मोठ्या कोंबड्यांना संध्याकाळी आत येण्यापूर्वी मूठभर मका किंवा बाजरी द्यावी. रात्री ती पचताना अंगात ऊब तयार होते. हिवाळ्यात अंडी घटली म्हणून घाबरू नये. अंडी घालायला कोंबडीला चौदा-सोळा तासांचा उजेड मानवतो आणि आपला डिसेंबरातला दिवस भरतो जेमतेम अकरा तासांचा.

संध्याकाळची हजेरी

कोंबडी आजार लपवते, कारण कळपात दुबळी दिसली की इतर तिला टोचतात. त्यामुळे लक्षणे दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. ओळखण्याची उत्तम वेळ संध्याकाळची. खुराड्यात शिरताना प्रत्येकीच्या गळ्याची पिशवी दाण्यांनी भरलेली आहे का, हाताने चाचपून पाहावे. पिसे विस्कटून, डोळे मिटून, पंख पाडून एकटी उभी असलेली कोंबडी त्याच वेळी वेगळी काढावी. तिला टोपलीत उबेला ठेवावे, गूळ आणि चिमूटभर मीठ घातलेले कोमट पाणी पाजावे. तिचे खाणे-पाणी सगळ्यात शेवटी करावे आणि हात धुवावेत.

पुढचा अंदाज लक्षणांवरून येतो. तोंड सुजले, नाकातून घाण वास येणारा स्राव आला, तर कोरायझा या सर्दीच्या रोगाची शंका. विष्ठेत रक्त दिसले, तर रक्ती हगवण, आणि तिचे मूळ ओल्या गादीत. तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती खपल्या धरल्या, तर डासांनी पसरवलेली देवी. हिरवट-पांढरी हगवण, धाप आणि वळलेली मान दिसली, तर मानमोडी, म्हणजेच राणीखेत. देवी आणि मानमोडी विषाणूंमुळे होतात, त्यांवर औषध नाही. हळद-लसणाच्या पाण्याने अपाय होत नाही, पण विषाणूही मरत नाही. शेजाऱ्याकडे उरलेली प्रतिजैविकाची पुडी घालणे तर त्याहून वाईट, कारण औषधाचा अंश अंड्यात उतरतो. कोलिस्टिन हे प्रतिजैविक खाद्यप्राण्यांना देण्यावर केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली ती जिवाणू औषधाला दाद देईनासे होतील या काळजीतून. पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करावा.

एकाच वेळी अनेक कोंबड्या पटापट मेल्या, तुरे निळे-जांभळे पडले, तर बर्ड फ्लूची शक्यता धरून हात न लावता कळवावे. देशातला पहिला उद्रेक २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला होता. हिवाळ्यात जायकवाडीसारख्या जलाशयांवर स्थलांतरित पक्षी उतरतात, तेव्हा पाणवठ्यांजवळच्या गावांनी जास्त सावध राहावे. एरवी मेलेली कोंबडीही उकिरड्यावर टाकू नये, चुना टाकून खोल पुरावी.

शंभर मात्रांची बाटली, आठ कोंबड्यांचे घर

मानमोडीला लस हाच उपाय आहे, आणि ती महागही नाही. राज्य सरकारची पुण्यात औंधला पशू जैवपदार्थ निर्मिती संस्था आहे, तिथे जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या लसी तयार होतात. पिल्लू आठवड्याचे झाले की लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात घालायचा, सहा ते आठ आठवड्यांनी टोचायची लस द्यायची. मग परसातल्या कोंबड्या दर वर्षी का मरतात?

उत्तर बाटलीत आहे. लस शंभर, दोनशे किंवा त्याहून जास्त मात्रांच्या बाटलीत मिळते. दोन ते आठ अंश तापमानात ती जपावी लागते आणि द्रवात मिसळल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांच्या घराने बाटली फोडली तर नव्वदहून अधिक मात्रा फेकायच्या, म्हणून कुणीच फोडत नाही. समजा एखाद्या घराने फोडलीच, तरी शेजारच्या दहा घरांच्या कोंबड्या त्याच उकिरड्यावर फिरतात. शिवाय मर सुरू झाली की उरलेल्या कोंबड्या घाईने बाजारात विकल्या जातात आणि रोग पुढच्या गावाला पोचतो.

हा पेच शेतकऱ्याला ओळखीचा आहे. भूजलाचेही असेच असते. विहीर एकाची, खालचे पाणी सगळ्यांचे. चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या हिवरे बाजारने हा पेच ग्रामसभेत सोडवला. तेव्हाचे सरपंच पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने श्रमदान केले, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, शेतीसाठी कूपनलिका नाकारल्या, उसाला नाही म्हटले आणि दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. त्यातून चारा वाढला, दूध वाढले. पुढे २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घरोघर तपासणी, रुग्णाला तत्काळ वेगळे ठेवणे आणि बाहेरून येणाऱ्यांवर लक्ष, या तीन गोष्टींवर गाव मे महिन्यात कोरोनामुक्त झाले.

कोंबड्यांच्या साथीला याहून वेगळे काही लागत नाही. आश्विनातल्या ग्रामसभेत परसातल्या कोंबड्यांची मोजदाद मांडायची, म्हणजे किती बाटल्या लागतील ते कळते. पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून एक संध्याकाळ ठरवायची. संध्याकाळच का, तर दिवसा मोकळी फिरणारी कोंबडी हाती लागत नाही, अंधार पडल्यावर खुराड्यात सापडते. बर्फाच्या डब्यात बाटली घेऊन दोन-तीन प्रशिक्षित माणसे गल्लीगल्लीने फिरली, तर दोन तासांत एक वस्ती होते. प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून कडाक्याची थंडी पडण्याआधीच हे उरकायचे. बाजारातून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवायची आणि आजारी कोंबडी बाजारात न्यायची नाही, हे दोन नियम त्याच सभेत करायचे.

गादी, पडदा आणि संध्याकाळचे चाचपणे प्रत्येक घराच्या हातात आहे आणि ते याच आठवड्यात करता येईल. लसीचे मात्र एकट्याच्याने होणार नाही. ज्या गावात विहिरीचे पाणी मोजले जाते, तिथे कोंबड्या मोजणे अवघड नसावे. आणि जिथे अजून पाणीही मोजले जात नाही, तिथे एकत्र येण्याची सवय लागायला कोंबड्यांपासून सुरुवात झाली तरी हरकत नाही.