स्ट्रॉबेरी लुटणारी पाखरे
वस्त्ररचनाकार विल्यम मॉरिस यांच्या इंग्लंडातील केल्म्सकॉट येथील परसबागेत उन्हाळ्यात स्ट्रॉबेरी पिके आणि थ्रश पक्षी ती राजरोस लुटून नेत. त्या लुटीवरूनच मॉरिस यांनी १८८३ साली ‘स्ट्रॉबेरी थीफ’ हे छापील सुती वस्त्र सिद्ध केले. आधी सबंध कापड निळीत गडद बुडवायचे, मग लाकडी ठशांनी रंगनाशक द्रव्य लावून नेमकी तेवढीच नीळ उडवायची आणि मोकळ्या जागी तांबडा व पिवळा चढवायचा, असा हा दिवसचे दिवस चालणारा खटाटोप. परंतु त्यावाचून पानाफुलांच्या त्या समृद्धीमागे इतकी खोल निळाई अवतरलीच नसती. या कापडाची गोधडी शिवणाऱ्या रसिकांना माझी आग्रहाची विनंती अशी की, त्यावरील समोरासमोर बसलेली पक्ष्यांची जोडी कापू नये. अखंड तुकडा मध्यभागी ठेवून भोवती साधे निळे कापड जोडावे.