शंभर पौंडांची पैज

टोनी के हा शेफिल्ड वेन्सडे या इंग्लिश फुटबॉल क्लबचा तांबड्या केसांचा, तापट हाफ-बॅक. १ डिसेंबर १९६२ रोजी इप्सविचविरुद्ध आपलाच संघ हरेल, अशी पैज त्याने पीटर स्वान आणि डेव्हिड लेन या सहकाऱ्यांसोबत लावली. वेन्सडे ०-२ने हरला. गंमत म्हणजे, 'द पीपल' या रविवारच्या वृत्तपत्राने त्या सामन्यात सर्वोत्तम ठरवला तो केलाच! त्याची निव्वळ कमाई जेमतेम १०० पौंड.

त्याच महिन्यात एव्हर्टनने त्याला मोठी रक्कम मोजून घेतलं. १९६३मध्ये संघ लीग विजेता ठरला. जूनमध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध इंग्लंडकडून खेळताना त्याने गोलही केला. प्रशिक्षक होते आल्फ रॅम्सी, पैजेच्या सामन्यातल्या इप्सविचचेच व्यवस्थापक.

एप्रिल १९६४मध्ये त्याच 'द पीपल'ने प्रकरण फोडलं. पैजेमागचा सूत्रधार जिमी गॉल्ड याने पैसे घेऊन सगळं सांगून टाकलं होतं. १९६५मध्ये गॉल्डला चार वर्षांची, तर तिघांना चार-चार महिन्यांची कैद झाली. वर फुटबॉलमधून आजन्म बंदी. १९७२मध्ये बंदी उठल्यावर स्वान आणि लेन वेन्सडेत परतले. केचं व्यावसायिक फुटबॉल मात्र सत्ताविसाव्या वर्षीच संपलं होतं.